गरिबाच्या मधमाश्या : एक लॅटिन अभ्यासभाषण आणि नियमनाचा प्रश्न

१

लॅटिन वाङ्मयात क्विंटिलियन ह्या प्रख्यात वक्तृत्वाचार्याच्या नावावर एकोणीस दीर्घ अभ्यासभाषणांचा एक संग्रह परंपरेने चालत आलेला आहे. ही भाषणे त्याची नव्हेत, त्याच्या नंतरच्या काळात ती निरनिराळ्या हातांनी लिहिली गेली, ह्याविषयी आता विद्वानांत फारसा मतभेद उरलेला नाही. ह्या संग्रहातील तेरावे भाषण ‘गरिबाच्या मधमाश्या’ ह्या नावाने ओळखले जाते. प्रस्तुत लेखात त्याच भाषणाचे परीक्षण करावयाचे आहे. मात्र हे परीक्षण केवळ अलंकार आणि शैली ह्यांपुरते मर्यादित ठेवण्याचा आमचा विचार नाही. मधमाश्या पाळणे व त्यांची ने-आण करणे ह्यांवर शासनाने कोणत्या तत्त्वावर नियंत्रण ठेवावे, हा प्रश्न आज अनेक देशांच्या शासनांपुढे उभा आहे. त्या प्रश्नाची अत्यंत नेमकी मांडणी ह्या जुन्या भाषणात सापडते. आणि त्या प्रश्नाच्या उत्तरात आजही जी उणीव राहते, तिचे मूळही ह्याच भाषणात दिसते, असे आमचे मत आहे.

अभ्यासभाषण म्हणजे काय, हे प्रथम सांगणे इष्ट होईल. रोमन साम्राज्यातील वक्तृत्वशाळांतून वकिलीची तयारी करणाऱ्या तरुणांना एक कल्पित खटला नेमून दिला जाई. खटल्याची हकीगत चार-सहा वाक्यांत सांगितलेली असे. तीवरून विद्यार्थ्याने किंवा आचार्याने वादीची अथवा प्रतिवादीची बाजू विस्ताराने मांडावयाची. ह्या वाङ्मयप्रकारात निकाल कधीच दिलेला नसतो. भाषण संपले की खटलाही तेथेच थांबतो. त्यामुळे वाचकाला नकळत न्यायाधीशाच्या आसनावर बसावे लागते, आणि हे ह्या प्रकाराचे एक मोठे सामर्थ्य आहे.

प्रस्तुत भाषणाची हकीगत अशी : एक श्रीमंत व एक गरीब असे दोघे खेड्यात शेजारी राहत होते. त्यांच्या बागा एकमेकींना लागून होत्या. श्रीमंताच्या बागेत फुले होती. गरिबाकडे मधमाश्या होत्या. गरिबाच्या माश्या आपल्या फुलांची नासाडी करतात, अशी तक्रार श्रीमंताने केली आणि त्या दुसरीकडे हलवाव्यात, असे त्याने गरिबास बजावले. गरिबाने त्या हलविल्या नाहीत. तेव्हा श्रीमंताने आपल्या फुलांवर विष शिंपडले. गरिबाच्या सर्व माश्या मेल्या. आता बेकायदा नुकसान केल्याबद्दल श्रीमंतावर खटला भरलेला आहे, आणि गरीब स्वतःच आपली बाजू मांडत आहे.

इतक्या थोड्या शब्दांत इतका गुंतागुंतीचा प्रश्न उभा करणारी हकीगत ह्या संग्रहात विरळाच. येथे कोणी कोणाच्या हद्दीत शिरलेले नाही. श्रीमंताने गरिबाच्या पेट्यांना हातही लावलेला नाही. जे केले ते त्याने स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या फुलांवर केले. आधी सूचनाही दिली. तरीही अन्याय झाला आहे, असे वाचकाचे मन सांगते. तो अन्याय नेमका कोठे झाला, हे शब्दांत पकडणे हे वक्त्याचे काम आहे.

२

भाषणाचा आरंभीचा निवेदनाचा भाग हा त्यातील सर्वांत सरस भाग होय. गरीब आपल्या वडिलोपार्जित लहानशा जमिनीचे वर्णन करतो. एके काळी सभोवार अनेक लहान शेतकरी नांदत होते. श्रीमंताची मालमत्ता एकेक बांध गिळत वाढत गेली, शेजारी उठून गेले, आणि ज्या जमिनीवर अनेक कुटुंबे पोसली जात होती ती एकाच धनिकाची बाग झाली. ह्या वाढीच्या कडेला गरिबाचा तुकडा तेवढा शिल्लक राहिला आहे. वय झाल्यामुळे कष्टाची शेती त्याला पेलत नाही. म्हणून त्याने मधमाश्या ठेवल्या. त्या त्याच्या म्हातारपणाचा आधार आहेत.

ह्या निवेदनात लेखकाने एक गोष्ट मोठ्या कौशल्याने साधली आहे. मधमाश्या हा गरिबाचा छंद नाही, तर ज्याच्याजवळ पुरेशी जमीन नाही त्याला उपलब्ध असलेले ते एकमेव पशुधन आहे, हे त्याने युक्तिवादावाचून केवळ परिस्थितीच्या वर्णनाने पटवून दिले आहे. गाय पाळावयाची तर चराऊ कुरण हवे. मधमाशीला मात्र मालकाचे कुरण लागत नाही, ती दुसऱ्याच्या फुलांवर जगते. म्हणूनच ती भूमिहीनाला परवडते, आणि म्हणूनच ती त्याला शेजाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून ठेवते. आपल्याकडील डोंगराळ भागांतही मधमाशी हे मुख्यतः अल्पभूधारकाचे व वनवासी समाजाचे साधन राहिले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या निवेदनाची सत्यता अधिकच पटते.

उत्तरार्धाविषयी मात्र इतके अनुकूल मत देता येत नाही. मेलेल्या माश्यांविषयीचा विलाप लांबत जातो. टाळ्या घेणारी वाक्ये एकामागून एक येतात. माश्यांच्या उद्योगाचे, त्यांच्या राज्यव्यवस्थेचे व पोळ्याच्या षट्कोनी रचनेचे जे स्तवन येते ते बव्हंशी व्हर्जिलच्या ‘जॉर्जिक्स’ ह्या काव्याच्या चौथ्या सर्गातून उसने घेतलेले आहे. वक्तृत्वशाळेचा हा नेहमीचा दोष आहे. परंतु दोष म्हणून तो बाजूला सारण्यापूर्वी, लेखकाला ह्या स्तवनाचा आश्रय का घ्यावा लागला, हे पाहिले पाहिजे. आमच्या मते, त्याच्याजवळ ऐन मोक्याच्या ठिकाणी एक युक्तिवाद कमी पडत होता आणि ती पोकळी त्याने स्तुतीने भरून काढली. तो युक्तिवाद कोणता, ह्याचा विचार पुढे येईल. त्याआधी भाषणाचा कायदेशीर गाभा तपासला पाहिजे.

३

श्रीमंताचा पहिला बचाव असा असणार, हे वक्ता गृहीत धरतो : मधमाशी हा मुक्त, उडणारा, भटका जीव आहे, तो कोणाच्याही मालकीचा असू शकत नाही, मग नुकसान कोणाचे झाले? हा बचाव शाळेतील कल्पनेचा खेळ नव्हता. रोमन न्यायशास्त्रात ह्याच मुद्द्यावर खरा वाद झालेला आहे. तुझ्या माश्या माझ्या माश्यांकडे उडत आल्या आणि मी त्या जाळून टाकल्या, तर नुकसानभरपाईचा दावा चालेल काय, असा तो प्रश्न होता. पहिल्या शतकातील प्रोक्युलस ह्या न्यायपंडिताने नकारार्थी उत्तर दिले. त्याचे म्हणणे, माश्या माणसाळलेल्या नाहीत आणि कोंडलेल्याही नाहीत. म्हणून त्यांवर मालकी नाही. त्यानंतरच्या सेल्ससने हे मत चूक ठरविले. माश्या परत येतात आणि त्यांचे उत्पन्न मालकाला मिळते. कबुतरे हातातून उडाली तरी घरी परततात, तसाच हा प्रकार आहे, असे त्याचे प्रतिपादन होते.

सेल्ससच्या ह्या उत्तरात एक महत्त्वाचे तत्त्व दडलेले आहे. मालकी ही कुंपणावर किंवा साखळीवर अवलंबून नाही. ती परत येण्याच्या सवयीवर अवलंबून आहे. गायसच्या व पुढे इ. स. ५३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जस्टिनियनच्या ‘इन्स्टिट्यूट्स’मध्ये हा नियम अधिक व्यवस्थितपणे आला. मधमाश्या स्वभावतः वन्य आहेत. तुमच्या झाडावर थवा येऊन बसला म्हणून तो तुमचा होत नाही. तुम्ही त्याला पोळ्याच्या घरात घेतले म्हणजे तो तुमचा. तुमच्या घरातून उडालेला थवा दृष्टीच्या टप्प्यात आहे आणि त्याचा पाठलाग शक्य आहे तोपर्यंत तुमचाच राहतो. त्यानंतर तो जो प्रथम धरील त्याचा. ग्रीकांनीही ह्या दिशेने विचार केला होता. शेजाऱ्याचा थवा आवाज करून आपल्याकडे वळविणाऱ्याने नुकसानभरपाई द्यावी, असा नियम प्लेटोने आपल्या ‘लॉज’ ह्या ग्रंथात घातला आहे. नव्याने पोळी ठेवणाराने ती आधीच्या माणसाच्या पोळ्यांपासून तीनशे फुटांवर ठेवावीत, असा सोलोनचा कायदा प्लुटार्कने नोंदविला आहे.

ह्या सर्व नियमांकडे एकत्र पाहिले तर त्यांचे एक समान लक्षण ध्यानात येते. ते सारे मधमाशी आणि तिचे घर ह्यांच्याविषयी बोलतात : थवा कोणाचा, घर कोठे ठेवावे, पकडले कोणी. घर आणि फूल ह्यांच्या मधल्या अवकाशाविषयी ते मौन पाळतात. माशीचे आयुष्य मात्र ह्याच अवकाशात जाते. कामकरी माशी घरापासून दोन-तीन किलोमीटरपर्यंत, प्रसंगी त्याहून दूर, चाऱ्यासाठी जाते. एवढ्या वर्तुळात शेकडो लोकांच्या जमिनी येतात. सोलोनचे तीनशे फूट ह्या दृष्टीने अगदीच अपुरे होत. त्यात मोल आहे ते अंतराचे नव्हे, तर नंतर येणाराने आधीच्याचा विचार करावा, ह्या न्यायाचे.

‘गरिबाच्या मधमाश्या’ ह्या भाषणाचे वैशिष्ट्य असे की, ज्या अवकाशाविषयी कायदा मुका आहे तेथेच त्याने खटला उभा केला. येथे प्रोक्युलसच्या प्रश्नाला सेल्ससचे उत्तर पुरे पडत नाही. माश्या गरिबाच्या आहेत, एवढे सिद्ध झाले तरी श्रीमंत म्हणू शकतो की मी माझ्या फुलांवर माझ्या इच्छेस येईल ते शिंपडले. तुझ्या माश्या आपल्या पायांनी विषाकडे आल्या. वक्ता ह्याला उत्तर देतो ते कृतीच्या हेतूवर बोट ठेवून. विष फुलांसाठी नव्हते, माश्यांसाठी होते. जमीन स्वतःची असली तरी दुसऱ्याचे नुकसान करण्यासाठीच जी कृती केली गेली ती निर्दोष ठरत नाही. हा युक्तिवाद सबळ आहे. परंतु तो हेतूवर उभा असल्यामुळे त्याची धाव तेवढीच आहे. हेतू मारण्याचा नसेल, केवळ कीड मारण्याचा असेल, आणि तरीही शेजाऱ्याच्या माश्या मेल्या, तर काय? आजचे बहुतेक तंटे ह्या दुसऱ्या प्रकारचे आहेत, आणि त्यांच्याविषयी ह्या भाषणात काही सापडत नाही.

४

आता आपण हकीगतीतील त्या एका शब्दाकडे वळू, ज्याच्यामुळे हे भाषण आमच्या विषयाशी निगडित होते. श्रीमंताने गरिबास माश्या हलविण्यास सांगितले. ही मागणी वरवर पाहता माफक वाटते. माश्या हलविता येतात, हे रोमनांना चांगले ठाऊक होते. ग्रीसमधील अकेया प्रांतातून ॲटिकामध्ये, युबियामधून स्कायरॉस बेटावर, आणि सिसिलीच्या इतर भागांतून हिब्ला येथे पोळी नेली जात, असे कोल्युमेला सांगतो. इटलीतील पो नदीच्या काठच्या होस्टिलिया ह्या खेड्याची हकीगत प्लिनीने दिली आहे. आसपासचा फुलोरा संपला की तेथील लोक पोळी नावांवर ठेवून रात्री प्रवाहाच्या वरच्या दिशेने पाच मैल नेत. पहाटे माश्या बाहेर पडत, चारा घेऊन नावेवर परतत, आणि वजनाने नाव पाण्यात किती बसली ह्यावरून मध भरल्याचे कळे.

ह्या वर्णनातील दोन तपशील मधपाळास लगेच ओळखू येतील. प्रवास रात्री होतो, कारण तेव्हाच सर्व माश्या घरात असतात. अंतर पाच मैलांचे असते, कारण चाऱ्याच्या टप्प्याच्या आतच पेटी हलविली तर बाहेर पडलेल्या माश्या ओळखीच्या खुणा धरून जुन्या जागी परततात आणि तेथे घर न सापडून नष्ट होतात. म्हणजे पेटी हलवावयाची तर हातभर किंवा कोसभर. मधले अंतर चालत नाही. ह्या साध्या नैसर्गिक नियमाच्या प्रकाशात श्रीमंताची सूचना पुन्हा वाचावी. एका लहानशा तुकड्याच्या मालकाला माश्या हलविण्यास सांगणे, म्हणजे बागेच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेण्यास सांगणे नव्हे. आपली जमीन सोडून कोठेतरी दूर, दुसऱ्याच्या भूमीत, नेण्यास सांगणे होय. ज्याच्याकडे नाव आहे, नदी आहे आणि पाच मैलांवर ओळखीची जागा आहे, त्याच्यासाठी स्थलांतर हा व्यवसाय आहे. ज्याच्याकडे ह्यांतले काहीच नाही, त्याच्यासाठी ती हद्दपारी आहे.

एकच क्रिया एकाला व्यवसाय आणि दुसऱ्याला हद्दपारी ठरते, हे ह्या भाषणातून निघणारे सर्वांत मोलाचे तथ्य आहे. मधमाश्यांच्या ने-आणीविषयीचा कोणताही नियम करताना हाच भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. पेटी हलविण्याची मुभा देणारा नियम आणि पेटी हलविण्याची सक्ती करणारा नियम हे एकाच कायद्याच्या दोन कलमांत शेजारी शेजारी बसू शकतात. पण त्यांचा भार एकाच माणसावर पडत नाही.

५

वक्त्याजवळ कमी पडलेल्या युक्तिवादाचा उल्लेख वर केला आहे. श्रीमंताची मूळ तक्रार अशी की, माश्या फुलांची नासाडी करतात. ह्याला गरीब इतकेच म्हणू शकतो की नासाडी होत नाही, झाली तरी अत्यल्प होते. माश्या फुलांचे भले करतात, हे तो म्हणू शकत नाही; कारण ते त्याला ठाऊक नाही. फळधारणेसाठी फुलांना कीटकांची गरज असते, हे अठराव्या शतकात कोलरॉयटरने प्रयोगांनी दाखविले आणि १७९३ मध्ये श्प्रेंगेलने त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. प्राचीन वाङ्मयात हा विचार स्पष्ट स्वरूपात सापडत नाही.

आपल्याकडील परंपरा ह्या ठिकाणी तुलनेस घेण्याजोगी आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुर धृतराष्ट्रास सांगतो की, भ्रमर जसा फुलांचे रक्षण करून मध घेतो तसा राजाने प्रजेकडून कर घ्यावा. संस्कृत काव्यातील भ्रमर हा बहुधा रसिक, चंचल प्रियकर असतो. विदुराचा भ्रमर मात्र राजनीतीचा गुरू आहे. ‘नासाडी’ ह्या आरोपाला विदुराच्या दृष्टांतात उत्तर तयार आहे : घेणारा जर जपून घेत असेल, तर देणाऱ्याचे नुकसान होत नाही. तरीही ही केवळ अहिंसेची कल्पना आहे, परस्परोपकाराची नव्हे. विदुराचा भ्रमर फूल राखतो. ते फळाला आणीत नाही.

ह्यावरून आमचा निष्कर्ष असा की, लॅटिन भाषणाच्या उत्तरार्धात जी स्तुती बोजड वाटते, ती एका अज्ञानाची जागा भरून काढीत आहे. माश्या किती उद्योगी, किती शिस्तप्रिय, किती निर्मळ, असे सांगून वक्ता न्यायाधीशाची सहानुभूती मिळवू पाहतो. त्याला जर इतकेच सांगता आले असते की, तुझ्या बागेतील फळझाडे माझ्या माश्यांमुळे लगडतात, आणि त्या मेल्या तर तुझीही बाग ओस पडेल, तर स्तुतीची गरजच उरली नसती. प्रश्न दयेचा राहिला नसता, हिशेबाचा झाला असता. आज आपणांस तो हिशेब ठाऊक आहे. कांद्याच्या बीजोत्पादनात, सूर्यफुलात, डाळिंबाच्या बागांत पेट्या नेऊन ठेवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ होत आहे. कॅलिफोर्नियात बदामाच्या फुलोऱ्यासाठी दरवर्षी दहा लाखांहून अधिक वसाहती मोटारींतून देशभरातून नेल्या जातात. तेथे श्रीमंताची सूचना अगदी उलटी झाली आहे : माश्या घेऊन जा, असे तो म्हणत नाही, घेऊन या, असे म्हणतो आणि त्याचे भाडे देतो. असे असूनही नियमनाची भाषा अद्याप त्या जुन्या सूचनेच्याच वळणावर चालते, हे पुढे दिसेल.

६

येथे गरिबाच्या बाजूने एक कबुली देणे न्याय्य होईल. पेटी हलविणे ही नेहमीच निरुपद्रवी गोष्ट नसते, हे मागील शंभर वर्षांत कटू अनुभवाने कळले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधील आइल ऑफ वाइट बेटावर माश्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. १९२१ मध्ये माशीच्या श्वासनलिकेत राहणाऱ्या एका सूक्ष्म कोळीसदृश जीवाचा शोध लागला आणि तो ह्या रोगाचे कारण मानला गेला. लगेच १९२२ मध्ये अमेरिकेने कायदा करून जिवंत प्रौढ मधमाश्यांची आयात बंद केली. ही बंदी दीर्घकाळ उपयोगी पडली. परंतु १९८४ मध्ये तो जीव तेथे पोहोचलाच, आणि १९८७ मध्ये त्याहून घातक असा व्हरोआ हा परजीवीही आढळला.

व्हरोआचा इतिहास ने-आणीच्या दृष्टीने अत्यंत बोधप्रद आहे. त्याचा मूळ आश्रय आशियातील माशी, म्हणजे आपण जिला सातेरी म्हणतो ती जात. सातेरी त्याच्यासह जगण्यास सरावलेली आहे. ती त्याला अंगावरून झटकते, आणि त्याची वीण मुख्यतः नरांच्या कोठड्यांपुरती मर्यादित राहते. माणसाने अधिक मधाच्या लोभाने युरोपीय माशी आशियात आणली, तेव्हा दोन्ही जाती शेजारी आल्या आणि परजीवी ह्या नव्या, अननुभवी आश्रयावर गेला. तेथून तो पेट्यांबरोबर जवळजवळ साऱ्या जगात पसरला. सीमा माशीने ओलांडल्या नाहीत. माणसाने तिला ओलांडून नेले.

ऑस्ट्रेलिया हा ह्या संकटातून सर्वांत शेवटपर्यंत वाचलेला मोठा देश. जून २०२२ मध्ये न्यू साउथ वेल्समधील न्यूकॅसल बंदराजवळ, पाळतीसाठी ठेवलेल्या पेट्यांत व्हरोआ सापडला. शासनाने राज्यात पेट्यांची हालचाल रोखली, बाधित टापूतील हजारो वसाहती मारल्या आणि त्यांच्या मालकांना भरपाई दिली. मोकळ्या माश्यांसाठी मात्र निराळा उपाय योजण्यात आला. त्यांनी खाऊन घरी न्यावे म्हणून फिप्रोनिल हे कीटकनाशक मिसळलेले आमिष जागोजाग ठेवण्यात आले. सप्टेंबर २०२३ मध्ये निर्मूलनाचा प्रयत्न सोडून देण्यात आला, आणि ह्यापुढे परजीवीसह जगण्याचे धोरण स्वीकारण्यात आले.

ह्या प्रसंगाकडे आमच्या भाषणाच्या वाचकाने पाहिल्यावाचून राहवत नाही. गोड चाऱ्यात विष, आणि त्याकडे आपण होऊन येणाऱ्या माश्या : श्रीमंताची युक्ती आणि शासनाची युक्ती बाह्यतः एकच आहे. भेद आहे तो हेतूचा, आणि तो मोठा आहे. शासनाला इतर लाखो वसाहती वाचवावयाच्या होत्या. परंतु येथे प्रोक्युलसचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ज्या माश्या पेटीत होत्या त्यांचे मोल झाले. ज्या कोणाच्याच नव्हत्या त्यांचा हिशेब कोणत्या वहीत लिहावयाचा? त्या युरोपीय माश्या त्या भूमीत परक्या होत्या, हे खरे. पण परागीभवन करताना फूल माशीचे मालकीपत्र पाहत नाही.

आपल्या देशातील चित्र ह्याहून निराळे आणि एका अर्थी अधिक नाजूक आहे. १९६२ मध्ये तेव्हाच्या पंजाबातील, कांगडा खोऱ्यातील नगरोटा येथे युरोपीय माशी यशस्वीपणे रुजविण्यात आली. त्याच वर्षी पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था स्थापन झाली. त्यानंतर उत्तरेत युरोपीय माशीच्या पेट्या मोहरीच्या हंगामात राजस्थानात, लिचीच्या हंगामात बिहारात, अशा वर्षभर फिरू लागल्या. सह्याद्रीत, विशेषतः महाबळेश्वरच्या परिसरात, सातेरीच टिकून राहिली. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड ह्या विषाणुजन्य रोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या वसाहतींचा मोठा संहार केला. हा रोग अळ्यांना मारतो, आणि वसाहतींच्या देवघेवीबरोबर त्याचाही प्रवास सहज होतो.

ह्या पार्श्वभूमीवर आपल्या कायद्यांची भाषा पाहावी. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने वनात सापडणाऱ्या किंवा वनातून आणलेल्या मध व मेण ह्यांची गणना वनोपजात केली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजात मध व मेण धरून त्यांवर वनवासी समाजाचा हक्क मान्य केला. ही निश्चितच पुढची पायरी होय. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने मनुष्य व पशू ह्यांना धोका होऊ नये म्हणून कीटकनाशकांची निर्मिती, विक्री, वाहतूक व वापर नियंत्रित केला. अलीकडे, २०२१ पासून, मधपाळांच्या नोंदणीसाठी ‘मधुक्रांती’ नावाची राष्ट्रीय व्यवस्था सुरू झाली आहे. मधाचा माग काढता यावा हा तिचा एक प्रमुख हेतू आहे. ह्या सर्वांत एक गोष्ट ठळकपणे जाणवते. वनकायद्याला मध दिसतो, मेण दिसते. नोंदणीला मधपाळ आणि त्याची पेटी दिसते. उडणारी माशी मात्र ह्या दोहोंच्या मधून निसटते. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन कायद्याने ज्या दोन टोकांपाशी थांबणे पसंत केले, साधारण तेथेच आपणही थांबलो आहोत.

७

नियंत्रण नसावे, असे आमचे म्हणणे नाही. व्हरोआ आणि सॅकब्रूड ह्यांच्या अनुभवानंतर तसे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. आमचा आक्षेप नियंत्रणाच्या एकतर्फीपणावर आहे. नोंदणी पेटीवाल्याने करावयाची, दाखला पेटीवाल्याने मिळवावयाचा, संकट आले की पेटी त्यानेच हलवावयाची किंवा जागीच थांबवावयाची. आणि फुलाच्या टोकाशी असलेल्या माणसावर त्या मानाने फार थोडे बंधन. हीच ती श्रीमंताची सूचना होय. फरक इतकाच की तिला आता शिक्का आणि क्रमांक मिळाला आहे.

दोन्ही टोकांना बंधन घालणारा नियम कसा असेल, हे सांगणे कठीण नाही. पेटी लांब नेणाऱ्याने निघण्यापूर्वी तिची रोगतपासणी करून घ्यावी. आणि जेथे सातेरीची वस्ती आहे तेथे परक्या जातीच्या पेट्या नेण्यापूर्वी विशेष विचार व्हावा. फवारणी करणाऱ्याने फुलोऱ्यात फवारणी टाळावी. अपरिहार्य असेल तर माश्या घरी परतल्यावर, सायंकाळी करावी, आणि शेजारच्या मधपाळास आदल्या दिवशी कळवावे. इशारा वेष्टनावर छापणे आणि तो शेजाऱ्याला देणे, ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. युरोपीय संघाने २०१८ मध्ये माश्यांना घातक ठरणाऱ्या तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातील वापर बंद केला, तेव्हा बंधनाचा काटा प्रथमच ठळकपणे फुलाच्या टोकाकडे झुकला. हेतू सिद्ध करण्याची गरज तेथे उरली नाही. परिणाम पुरेसा ठरला. लॅटिन वक्त्याच्या युक्तिवादाची धाव जेथे संपली होती, तेथून हे पाऊल पुढे पडले आहे. शेवटी, जेव्हा शासनाला सार्वजनिक हितासाठी वसाहती माराव्या किंवा रोखाव्या लागतील, तेव्हा केवळ पेटीचे मोल देऊन त्याचे कर्तव्य संपू नये; बुडालेल्या हंगामाचा, आणि ज्या आग्या, फुलोरी, सातेरी माश्या कोणाच्याच नाहीत त्यांचाही विचार त्यात यावा.

वाङ्मयकृती म्हणून ‘गरिबाच्या मधमाश्या’ हे भाषण निर्दोष नाही. त्याचा उत्तरार्ध सैल आहे, विलाप कृत्रिम आहे, आणि व्हर्जिलचे ऋण त्याला पेललेले नाही. तरीही त्याने एक गोष्ट केली, जी त्याच्या काळच्या न्यायपंडितांना साधली नाही. माशीची मालकी कोणाची, ह्या प्रश्नापाशी न थांबता तिच्या वाटेवर कोणाचे काय कर्तव्य आहे, हा प्रश्न त्याने विचारला. तो त्याला पूर्णपणे सोडविता आला नाही, कारण फूल आणि माशी ह्यांचे देणेघेणे त्याला माहीत नव्हते. आपणांस ते माहीत आहे. वक्तृत्वशाळेच्या प्रथेप्रमाणे त्या खटल्याचा निकाल लिहिलेला नाही. परंतु आज मधमाश्यांविषयी नियम करणाऱ्या प्रत्येक कार्यालयात तोच खटला पुन्हा चालतो, आणि तेथे मात्र निकाल द्यावाच लागतो. तो देणाऱ्याने पेटीबरोबर फुलाच्या मालकालाही साक्षीस बोलवावे, एवढीच ह्या परीक्षणातून निघणारी सूचना आहे.